ब्लँकेटांचा घाणा

वडील गेले तेव्हा दोघा भावांच्या वाट्याला एक लाँड्री आली, एक मोठं मशीन आलं आणि त्या मशीनबद्दलचे वडिलांचे नियम आले. लाँड्री आणि मशीन दोघांचं झालं. नियम मात्र थोरल्याने एकट्याने घेतले. धाकट्याने ते मागितलेही नाहीत.

थोरल्याला सगळे दादाच म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा. धाकट्याचं नाव लहानपणीच भिंगरी पडलं होतं, कारण तो एका जागी कधी ठरलाच नाही. पुढे तो मोठा झाला, त्याचं लग्न झालं, कपाळावरचे केस मागे सरकले, तरी तो भिंगरीच राहिला. काउंटरवर तो असला की कपडे न्यायला आलेलं माणूस पाच मिनिटं उगाच रेंगाळायचं. दादा असला की पिशवी उचलून चालतं व्हायचं. दादा कुणाशी वाईट वागत नसे, पण त्याच्याशी काय बोलावं हे लोकांना सुचत नसे.

पुढे काउंटर, मध्ये इस्त्रीचं लांब टेबल, मागे ओल्या फरशीची खोली, आणि खोलीच्या मागच्या दारातून दोऱ्या बांधलेलं अंगण. ओल्या खोलीत ते मशीन होतं. छातीएवढं उंच, समोर गोल काचेचं दार, काँक्रीटच्या ओट्यात जाड बोल्टांनी आवळलेलं. वडिलांनी ते दुसऱ्या एका लाँड्रीकडून जुनंच घेतलं होतं. एका वेळी मशीनमध्ये जायच्या कपड्यांना ते ‘घाणा’ म्हणत, तळणीत काढतात तसा घाणा. घाणा तोंडापर्यंत भरायचा नाही, वर हातभर जागा सोडायची. दोन घाण्यांच्या मध्ये मोटर हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. ब्लँकेटं पाणी पिऊन दगडासारखी होतात, म्हणून ती थोडी थोडी, चादरींत मिसळूनच टाकायची, नाहीतर पिळायच्या वेळी सगळं वजन एका अंगाला जातं आणि ड्रम आतल्या आत आपटतो. “मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये,” असं म्हणून वडील मशीनच्या पत्र्यावर हात ठेवत. दादाही आता तसाच हात ठेवू लागला होता. दर आठवड्याला तो बोल्ट आवळी, ग्रीस भरी, पंपाच्या जाळीत अडकलेली बटणं, पिना, धाग्यांचे गोळे काढी. त्या कामात त्याला कुणी मदत केलेली आवडत नसे.

मग पुलापलीकडे एक हॉटेल उघडलं, आणि भिंगरीने त्याच्या चादरी आणल्या.

कशा आणल्या हे दादाला कधी नीट कळलं नाही. हॉटेलच्या मॅनेजरबाई स्वतःची साडी टाकायला आल्या होत्या, भिंगरीने त्यांना कसलीशी गंमत सांगितली, त्या हसल्या, आणि पुढच्या आठवड्यात टेम्पो भरून गाठोडी दारात आली. चादरी, अभ्रे, टॉवेल, पायपुसणी. रोज. दादाने गाठोड्यांकडे पाहिलं आणि मशीनकडे पाहिलं.

“एवढं नाही झेपायचं त्याला,” तो म्हणाला.

“त्याला विचारलंस?” भिंगरी म्हणाला.

तेव्हापासून मशीन सकाळी शटर उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत थांबत नसे. एक घाणा निघाला की त्याच्या वाफेत दुसरा आत. हातभर जागा वीतभर झाली, मग चार बोटं. खरं सांगायचं तर त्या दोन-तीन वर्षांत दोन्ही घरांना बरे दिवस आले. ओल्या खोलीवर नवा पत्रा पडला. दादाच्या मुलीला हव्या त्या कॉलेजात जाता आलं. भिंगरीच्या बायकोने, जिला सगळे धाकटी म्हणत, मनासारखं स्वयंपाकघर करून घेतलं. दादाला हे सगळं दिसत होतं. मशीनचा आवाज बदललेलाही त्याला ऐकू येत होता.

आधी पट्टा तुटला. मग दाराचं रबर फाटून फरशीवर पाणी आलं. मग बेअरिंग गेलं, आणि मशीन पिळायला लागलं की शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या बाटल्या किणकिणायला लागल्या. प्रत्येक वेळी फिटरकाका आले. ते वडिलांच्या वेळेपासूनचे, कमी बोलणारे. जुनं बेअरिंग त्यांनी तळहातावर घेऊन फिरवलं, त्यातून गंजाचं पाणी गळलं.

“वाईट माल नव्हता,” ते म्हणाले. “चाललं जास्त. जे चार-पाच वर्षं पुरायचं ते वर्षात संपलं. झिजायचं ते झिजतंच, भराभर वापरलं की भराभर झिजतं.”

“बघ,” दादा म्हणाला.

“काय बघ?” भिंगरी हात पुसत म्हणाला. “काम तर तेवढंच झालं ना त्याच्याकडून? पाच वर्षांचं एका वर्षात केलं. दादा, मशीन म्हातारं होऊन मेलं काय आणि राबून मेलं काय, आपल्याला त्याचं श्राद्ध घालायचंय का?”

फिटरकाका हसले. तेही चुकीचं नव्हतं. भिंगरीचं बोलणं नेहमीच असं, अर्धं खरं आणि अर्धं गमतीचं असायचं. खऱ्याला उत्तर द्यायला जावं तर गंमत आडवी यायची.

दादा बोलत राहिला. घाणा कमी कर. थांब जरा. बोल्ट सैल झालेत, आज राहू दे. पालथ्या घड्यावर पाणी. हळूहळू त्याच्या बोलण्याला घरात एक नाव पडलं. “दादाची आकाशवाणी सुरू झाली,” असं भिंगरी म्हणायचा आणि धाकटी तोंडाला पदर लावायची. दादाच्या बायकोलाही हसू यायचं. ती नंतर म्हणायची, “अहो, मनाला काय लावून घेता, पोरकट आहे तो.” पोरकट असलेला तो माणूस दुकान चालवत होता, आणि लोक आत आले की आधी विचारत, “भिंगरी नाही का?” हे दादा तिला सांगू शकत नव्हता.

एक दिवस मॅनेजरबाई काउंटरशी उभ्या होत्या. त्यांना मोठ्या कार्यक्रमासाठी आणखी चादरी पाठवायच्या होत्या. भिंगरी हो म्हणून बसला होता. दादा इस्त्री ठेवून पुढे आला आणि म्हणाला, “बाई, एवढं एकदम नाही जमणार. मशीनचा आवाज बरा नाही.”

बाईंनी भिंगरीकडे पाहिलं.

“त्याचं मनावर घेऊ नका,” भिंगरी म्हणाला. “आमच्या दादाला मशीन आजारी असलं की बरं वाटतं. नाहीतर त्याला करमत नाही.”

बाई हसल्या. मागे चादरींच्या घड्या घालणारी धाकटी हसली. दादाची स्वतःची बायको डबा घेऊन आली होती, तीही दारात हसली. भिंगरीच्या बोलण्यात विष नव्हतं. तो लगेच पेनाचं टोपण दातात धरून दिवस ठरवायलाही लागला. दादा परत टेबलाशी गेला आणि त्याने इस्त्री उचलली. एका अभ्र्यावर तिचा तपकिरी ठसा उमटला तेव्हा त्याला कळलं, आपण ती फिरवायला विसरलो.

त्या महिन्याच्या शेवटी धाकटीच्या बहिणीचं लग्न होतं. भिंगरी आणि धाकटी दोन दिवसांसाठी गावाला गेली. जाताना भिंगरी शटरपाशी थांबला.

“हॉटेलचं मी सगळं उरकलंय. वसतिगृहाची ब्लँकेटं येतील, ती पडू देत. मी आलो की बघतो. तू दमू नकोस.”

“बरं,” दादा म्हणाला.

ब्लँकेटं दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मुलांनी वर्षभर पांघरलेली, जाड, करड्या रंगाची. टेम्पोवाल्याने ती ओल्या खोलीत ढिगाने टाकली आणि तो गेला. दुकानात कुणी नव्हतं. दादा ढिगाकडे बघत उभा राहिला.

तो काय विचार करत होता हे पुढे त्याने स्वतःला बऱ्याचदा विचारलं. एक खरं, की आधी त्याने तीनच ब्लँकेटं उचलली होती आणि मिसळायला जुन्या चादरी शोधल्या होत्या. चादरी सापडल्या नाहीत. तेव्हा तो थांबू शकला असता. त्याने चौथं टाकलं. मग पाचवं. मग तो मोजत नव्हता. शेवटची दोन त्याने गुडघ्याने आत दाबली. दार लागेना तेव्हा खांदा लावून लावलं. वडिलांच्या वेळेपासून एवढा घाणा त्या मशीनने पाहिला नव्हता. भिंगरीनेसुद्धा असा कधी भरला नसता. भिंगरी हावरा होता, पण हात राखून हावरा होता.

दादाने बटण दाबलं, आणि मनाशी म्हणाला, मी आता काही बोलणार नाही. आता मशीनच बोलू दे.

धुण्याची फेरी तशी निभावली. ड्रम जड, दमल्यासारखा फिरत होता. दादा मेन स्विचपाशी भिंतीला टेकून उभा राहिला. मग पाणी गेलं आणि पिळायची वेळ आली. पहिल्या गिरकीलाच आत काहीतरी धप्प झालं. मशीन थांबलं, परत फिरलं, परत धप्प. ब्लँकेटांचा गोळा एका अंगाला गेला होता. आवाज लागोपाठ यायला लागले. काँक्रीटमधला एक बोल्ट उडून बादलीवर आपटला. दादाचा हात स्विचवर होता. बोटं दांडीला लागलेली होती. फक्त खाली ओढायचं होतं.

त्याने ओढलं, पण लगेच नाही. मशीन ओट्यावरून सरकलं, तिरकं झालं, आतून मोठा कडाका आला आणि दाराच्या काचेवर आडवी रेघ गेली, तेव्हा ओढलं.

मग खूप शांत झालं. गढूळ पाणी त्याच्या चपलांवरून वाहून गेलं. औषधाच्या दुकानातला माणूस दारात येऊन विचारत होता, “काय झालं हो?” दादा म्हणाला, “गेलं. मशीन गेलं.” त्याने दिवे घालवले, शटर ओढलं आणि तो घरी गेला. बायकोला त्याने तेच सांगितलं. तिनेच लग्नघरी फोन लावून कळवलं.

भिंगरी सकाळच्या पहिल्या गाडीने आला. त्याच्याकडे दुकानाची किल्ली होती. दादा पोचला तेव्हा शटर वर होतं, फरशी पुसलेली होती आणि मशीनचं दार उघडं होतं, ड्रम रिकामा. मागच्या अंगणात ब्लँकेटं दोऱ्यांवर होती. हाताने पिळल्यामुळे त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. भिंगरी ओट्यावर बसला होता, लग्नातला कोरा शर्ट कोपरापर्यंत भिजलेला. त्याने वर पाहिलं.

“तुझं ऐकायला हवं होतं, दादा,” तो म्हणाला.

दादाला हे वाक्य किती वर्षांपासून हवं होतं. ते असं, हातात आयतं पडलं. तो म्हणाला, “असू दे. होतं असं.” आणि भावाच्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणी त्याला खरोखर माया वाटली, हेच पुढे त्याला सर्वांत जास्त टोचलं.

फिटरकाका आले, त्यांनी मागचं झाकण काढलं. ड्रम ज्या लोखंडी दांड्यावर फिरतो, तो शाफ्ट मधोमध मोडला होता. त्यांनी तुटलेला तुकडा उजेडात धरला.

“हे बघा,” ते म्हणाले. “इकडचा भाग काळा पडलाय, गंजलाय. म्हणजे ही चीर जुनी आहे. रोजच्या हिसक्यांनी थोडी थोडी वाढत गेली. हा एवढाच पांढरा भाग काल तुटला. ह्याला आज ना उद्या जायचंच होतं.” मग त्यांनी सहज विचारलं, “शेवटचा घाणा कसला होता?”

भिंगरी फडक्याने हात पुसत होता. दादा म्हणाला, “नेहमीचाच. चादरी आणि ब्लँकेटं, मिसळून.”

“हो,” भिंगरी म्हणाला. “नेहमीचाच.”

दादाला वाटलं, त्याला कळलं नाही. ब्लँकेटं अंगणात दोऱ्यांवर पसरलेली होती, ती एका घाण्यातली की दोन-तीन, कोण सांगणार? आणि फिटरकाका म्हणालेच होते, जायचंच होतं. दादाने ते शब्द धरून ठेवले. जायचंच होतं, मी फक्त निमित्त झालो. पुढच्या काही दिवसांत त्याने हे वाक्य बायकोला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं. फक्त ‘मी निमित्त झालो’ एवढं वगळून.

नवा शाफ्ट घडवून आणेपर्यंत हॉटेलने दुसरी लाँड्री शोधली. मॅनेजरबाईंचा फोन आला तेव्हा भिंगरी “काही हरकत नाही” म्हणाला. पूर्वीचा भिंगरी असता तर त्याने त्यांना हसवून आणखी मुदत मागून घेतली असती. मशीन परत उभं राहिलं, पण आता घाणा किती भरायचा, कधी थांबायचं, कुणाचं काम घ्यायचं, सगळं तो दादाला विचारू लागला. दादाने सांगितलं की “तू म्हणशील तसं” म्हणायचा. गंमत केली नाही, आकाशवाणी म्हणाला नाही. दादा एकदा मुद्दाम म्हणाला, “आज आवाज जरा वेगळा येतोय, नाही का?” भिंगरी उठला आणि मशीन बंद करून आला. बस, एवढंच.

दादाला हवं होतं तसं सगळं चाललं होतं, आणि दुकानात करमत नव्हतं.

सांगून टाकावं असं त्याच्या मनात यायचं. दुपारी दोघं इस्त्रीच्या टेबलाशी समोरासमोर जेवायचे. भिंगरी खाली मान घालून जेवायचा आणि मधेच हात थांबवून दादाकडे बघायचा, जसा कुणी काहीतरी ऐकायला थांबतो. दादाला वाटायचं, हा विचारतोय की काय. मग तो भांडं पुढे ओढून म्हणायचा, “आमटी वाढू?”

वर्ष सरायच्या आत भिंगरीने दुसऱ्या शहरात एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी धरली.

“तिथं ठरलेल्या वेळेचं काम आहे,” तो म्हणाला. “धाकटीच्या माहेरापासूनही जवळ आहे.”

“दुकान तुझंही आहे,” दादा म्हणाला.

“आहे ना. मी कुठं नाही म्हणतोय? तू सांभाळ.”

निघताना वहिनीच्या पाया पडताना त्याचे डोळे भरले होते. दादाशी तो नीट बोलला, हसलासुद्धा. त्यामुळे रागावून गेला असं कुणाला म्हणता आलं नाही.

त्यानंतर बरीच वर्षं दादाने वडिलांच्या नियमांनी दुकान चालवलं. हातभर जागा, मध्ये विसावा, ब्लँकेटं थोडी थोडी. मशीनला पुन्हा काही झालं नाही. ते इतकं छान चाललं की फिटरकाका रस्त्यात भेटले की म्हणत, “मला उपाशी मारणार तुम्ही.” मग फिटरकाकाही गेले. घरोघरी छोटी मशीनं आली, काउंटरशी माणसं कमी झाली. जी यायची ती पिशवी उचलून चालती व्हायची. भिंगरी कधी घरच्या कार्याला आला तर पाहुण्यासारखा आला, सकाळी येऊन संध्याकाळी गेला.

दादाचे गुडघे धरले, तेव्हा दुकान बंद करायचं ठरलं. मुलगी म्हणाली, काकांना फोन करून सांगा. दादा म्हणाला, फोनवर नको, जाऊन येतो.

भिंगरीने त्याला हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी बोलावलं. त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि डोक्यावर कागदी टोपी. केस पार पांढरे. त्याने दादाला आतून लाँड्री दाखवली. ओळीने उंच मशीनं, प्रत्येकाच्या अंगावर उजळणारे आकडे. “ही स्वतःच वजन करतात,” भिंगरी म्हणाला. “जास्त भरलं तर चालूच होत नाहीत. कपडे एका बाजूला गेले तर आपोआप थांबतात, पाणी घेऊन परत पसरवतात, मग पिळतात.” त्याच्या हाताखाली चार-सहा माणसं होती. ती त्याला साहेब म्हणत होती आणि तो त्यांच्याशी हळू आवाजात, कामापुरतं बोलत होता. दादा त्या बोलण्याकडे बघत राहिला. ते दादाचं स्वतःचं बोलणं होतं.

कँटीनमध्ये चहा घेऊन दोघं खिडकीशी बसले. दादाने दुकानाचं सांगितलं. भिंगरीने मान हलवली.

“बरं केलंस. किती दिवस ओढणार?”

“मला आणखी एक सांगायचं होतं,” दादा म्हणाला. “तुझ्या मेहुणीच्या लग्नाच्या वेळी मशीन मोडलं ना. तो घाणा चादरींचा नव्हता. सगळी ब्लँकेटं मीच कोंबली होती. एकदम. मुद्दाम.”

भिंगरीने चहात बिस्किट बुडवलं होतं. ते अर्धं मोडून आत पडलं.

“माहीत आहे,” तो म्हणाला.

दादाला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

“ती बाहेर कुणी काढली, दादा? मीच ना? ड्रममध्ये अशी ठासून बसली होती की पहिलं निघता निघेना. पाय मशीनला लावून ओढावं लागलं. पहिल्यांदा वाटलं, घाईत चुकून झालं असेल. पण तू आणि घाईत? तू रुमालाचासुद्धा घाणा बघून भरतोस.” तो चमच्याने बिस्किट शोधत होता. “मग मी ओट्यावर बसलो आणि विचार केला. मी ह्याला किती टोचलं असेल, की जिवापाड जपलेलं मशीन ह्यानं असं भरावं.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो की. तुझं ऐकायला हवं होतं म्हणालो. वाटलं, मी एक पाऊल पुढे टाकलं, आता तू टाकशील. म्हणशील, नाही रे, माझ्याच हातून झालं. तू म्हणालास, असू दे.”

बाहेर कुणीतरी चाकांची गाडी खडखडत नेली.

“फिटरकाकांसमोर तू चादरी म्हणालास, तिथंही मी हो म्हटलं. त्यांच्यासमोर तुला कशाला उघडं पाडू? मग जेवताना वाट बघायचो. आज बोलेल, उद्या बोलेल. आधी राग होता, मग वाट बघण्याचाच कंटाळा आला.” तो थोडा हसला. “तू त्या दिवशी बोलला असतास ना, तर आपण कडाकडा भांडलो असतो. मी तुला काय काय बोललो असतो. आणि राहिलो असतो तिथंच.”

दादाने कप उचलला, तो रिकामा होता, खाली ठेवला.

“फिटरकाका म्हणाले होते, ते जाणारच होतं,” तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“जाणारच होतं,” भिंगरी म्हणाला. “माझ्यामुळेच. त्यात तू खोटा नव्हतास. मी फार पिळलं त्याला, इथं येऊन कळलं मला. जुनी चीर माझी होती, दादा. मी कधी नाही म्हटलं नाही.”

“चल आता,” दादा म्हणाला. “परत चल. दुकान नको, नुसतं घरी. वरची खोली रिकामी आहे.”

“आता कुठं?” भिंगरीने घड्याळाकडे पाहिलं. तो हे टाळण्यासाठी म्हणत नव्हता, त्याची दुपारची पाळी खरंच सुरू होत होती. “पोरांची कामं इथं, धाकटीची माणसं इथं. आता मुळं धरली ना.”

त्याने फाटकापर्यंत सोबत केली. दादाला रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला स्टँडचा जवळचा रस्ता समजावून सांगितला. “वहिनीला सांग, येऊ आम्ही,” तो म्हणाला.

“कधी?”

“येऊ.”

मशीन भंगारवाल्याने नेलं त्या दिवशी भिंगरी आला नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. ते दारातून निघालं कसं, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. दादाने सांगितलं, चौकट काढावी लागली, बाजूची दोन विटांची ओळही. वडिलांनी ते आणलं तेव्हा चौकट नंतर बसवली होती, हे भिंगरीला आठवत होतं, दादाला नव्हतं. ते त्यावर बराच वेळ बोलले. इतकं ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. दादाच्या बायकोने आतून विचारलं, कोण आहे हो एवढं? दादाने हातानेच थांब अशी खूण केली.

आता ते अधूनमधून बोलतात. गुडघ्यांबद्दल, पोरांबद्दल, हॉस्पिटलात नवीन मशीन आलं त्याबद्दल. एखाद्या वेळी भिंगरी एखादी गंमत करतो, आणि ती संपल्यावरही दादा फोन कानाला धरून गप्प राहतो, आणखी काही येतंय का म्हणून. वरची खोली त्याने झाडून ठेवली आहे. भिंगरी अजून आलेला नाही. येतो म्हणतो.